घशातला कापूस

ताप सगळ्यांना सारखाच, असं आमच्या गल्लीतले रंगनाथशेठ दुकानात लोडाला टेकून सांगायचे. तो गरीब बघत नाही, श्रीमंत बघत नाही, हिंदू-मुसलमान बघत नाही. समोर बसलेले माना डोलवायचे, कारण शेठजींचा चहा चांगला असायचा. आज माझ्यापुढे कोणी असं बोललं तर त्याला हाताला धरून पिंजारघाटावर नेईन आणि गुलजारबीचं दार दाखवीन. ताप सगळं बघतो. तुमच्या घराला खिडकी आहे का, तुम्ही कोणाच्या उशाशी बसता, छातीत आधीच काय साचलंय, पोटात मूल आहे का, अंग मोडून आलं तर निजून राहायची तुम्हाला मुभा आहे का, हे बघूनच तो घरात शिरतो.

गुलजारबी ही खाजाभाई पिंजाऱ्याची बायको. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत होती. माझी आई, कुसाबाई, नदीकाठी फुलं विकायची. मी सासरहून परत आलेली, म्हणजे खरं सांगायचं तर परत पाठवलेली, आणि आईकडे राहून मास्तरणीच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. भिंतीपलीकडून दिवसभर पिंजायच्या कमानीचा टणत्कार यायचा आणि त्याच्या मधूनमधून खोकला. खाजाभाईचा जाड, ओढून काढलेला. गुलजारबीचा बारीक, टोचल्यासारखा. त्या दोन खोकल्यांची आम्हाला इतकी सवय होती की ते दोघं बाहेरगावी गेले तर मला पाठांतर सुचायचं नाही.

कापूस पिंजायचा तर दार-खिडकी बंद करावी लागते. वाऱ्याची झुळूक आली की पिंजलेला कापूस घरभर होतो, आणि गिऱ्हाइकाचा कापूस मापात परत द्यायचा असतो. म्हणून त्यांच्या एका खोलीच्या घराला होती नव्हती ती खिडकी खाजाभाईने फळ्या ठोकून कायमची बंद केली होती. त्याच खोलीत कापूस पिंजायचा, त्यातच गाद्या भरायच्या, त्यातच चूल आणि त्यातच निजायचं. दार उघडलं की आतून पांढरी धूळ बाहेर यायची. गुलजारबीच्या भुवया कायम पांढऱ्या असायच्या. ऐन तिशीत ती म्हातारी दिसायची आणि त्यावरून स्वतःच विनोद करायची. कोणी म्हणालं, "मावशी, खोकला लय झालाय," की तिचं उत्तर ठरलेलं. "काय नाय गं, घशात कापूस गेलाय." पिंजाऱ्याचा खोकला म्हणजे काही बातमी नव्हे. ती तिला नव्हती, खाजाला नव्हती आणि आम्हालाही नव्हती. पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

ती मूळची निफाडकडची. अठरा साली मानमोडी आली तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची असेल. त्या तापाने तिची आई गेली, भाऊ गेले, बाप गेला. ही सुद्धा पडली होती, कण्हत होती, पण उठली. उठली तेव्हा घरात पाणी द्यायला कोणी उरलं नव्हतं. एका लांबच्या चुलत्याने तिला नाशकात आणून खाजाच्या गळ्यात बांधली. अशी ती आमच्या गल्लीत आली, बरोबर काही न आणता. एवढं एक तिच्याकडे होतं, की मानमोडी तिला मारू शकली नव्हती.

गल्लीने ते बरोबर हेरलं. कोणाच्या घरी तापाचं माणूस पडलं की गुलजारबीला बोलावणं जायचं. तिला काय होतंय, ती मानमोडीतून उठलेली, ती पक्की आहे, असं सगळे म्हणायचे. एरवी ज्यांच्या ओसरीखाली तिला वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यावं लागायचं, त्यांच्याच घरात ताप आला की ती थेट बिछान्यापर्यंत जायची. पाय चेपायची, छातीला अळशीचं पोटीस बांधायची, ओकारी पुसायची. घरची माणसं दारातून विचारायची, "आता बरं हाय का गं?" माणूस उठून बसलं की तिचं पाऊल पुन्हा ओसरीच्या खाली. तिला एखादं जुनं लुगडं मिळायचं आणि वर कौतुक. मला राग येतो तो कौतुकाचा. कारण ते तिला खरं वाटायचं. निराधार म्हणून आलेल्या बाईला गल्लीने पहिल्यांदा काहीतरी म्हटलं होतं, आणि ते ती मिरवायची. "मी मानमोडीला पुरून उरलेली बाय," असं कंबरेवर हात ठेवून म्हणायची आणि हसता हसता खोकायची.

तिला मुलं बरीच झाली, पण जगली एकटी माजिदा. तिच्यावर गुलजारबीचा जीव होता म्हणणं थोडं आहे. पोरीला ती कापसात बसू द्यायची नाही. लहानपणी सकाळी उठून माजिदाला आमच्या ओसरीवर आणून सोडायची, की हिला इथं खेळू दे, आत धूळ हाय. माझ्या आईच्या टोपलीतली फुलं ओवत माजिदा मोठी झाली. पुढे तिला सिन्नरला दिली. जावई सलाउद्दीन, विड्या वळायचा, भला माणूस होता.

छत्तीस सालच्या थंडीत माजिदा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा संपत आला होता. गालावर तेज होतं, चालताना कमरेवर हात. गुलजारबीने त्या दिवशी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं, जशी काही आम्हाला दिसतच नव्हती.

आणि त्याच पंधरवड्यात ताप आला. आधी बाजारात दोन-चार माणसं खोकायला लागली, मग रंगनाथशेठांचा थोरला मुलगा पडला, मग शेठजी स्वतः पडले, मग घरातली आणखी दोघं. हाडं मोडल्यासारखी दुखायची, डोळे लाल व्हायचे, खोकला छातीत उतरायचा. म्हातारे लोक दबक्या आवाजात म्हणायला लागले, की ही मानमोडीच परत आली.

गुलजारबी घाबरली. स्वतःसाठी नव्हे. तिने पोरीला वाचवायचं ठरवलं, आणि जे तिला ठाऊक होतं त्या सगळ्याचा बंदोबस्त केला. पिंजाऱ्याच्या बाईला काय ठाऊक असणार? कापूस. रोग कापसात राहतो, आजाऱ्याच्या गादीत बसतो, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. तिने खाजाला बजावलं, की वापरलेली गादी या घरात आणायची नाही, काम अंगणात करा नाहीतर करू नका. थंडीत, ऐन हंगामात, त्यांनी आलेल्या गाद्या परत पाठवल्या. माजिदासाठी तिने कोरा कापूस आणला, झाडावरून उतरलेला, कोणाच्या अंगाखाली न गेलेला. तो स्वतः पिंजला, नव्या खोळीत भरला आणि टाके असे बारीक घातले की आई म्हणाली, अशी गादी शेठजींच्या घरीसुद्धा नसेल. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, गार वारा येऊ नये म्हणून. कापसाची काळजी झाली, वाऱ्याची झाली. बाहेरून तिने काहीही आत येऊ दिलं नाही. ती स्वतः तेवढी येत-जात राहिली.

कारण बयाबाईंचं बोलावणं आलं होतं. बयाबाई म्हणजे रंगनाथशेठांची बायको. घरात चार माणसं आडवी, आणि धाकटी सूनही गरोदर. गडीमाणसं पळालेली. गुलजारबी गेली. मी तिला अडवलं नाही, मला तरी कुठे काय कळत होतं? ती सकाळी जायची, संध्याकाळी यायची. आली की हातपाय धुवायची, लुगडं बदलायची. त्यावर आजाऱ्याच्या बिछान्यातला कापूस चिकटला असेल म्हणून. मग माजिदाजवळ बसायची. तिचे केस विंचरायची, पोटाला तेल लावायची, तोंडाशी तोंड नेऊन शेठजींच्या घरातल्या गमती सांगायची. दोघी खुदुखुदु हसायच्या ते भिंतीतून मला ऐकू यायचं.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे डोकावले. गुलजारबीचे डोळे लाल होते.

"मावशी, बरं नाही का?"

"अंग जरा दुखतंय. दिवसभर त्या शेठला उचलून बसवायचं म्हंजे काय सोपं हाय?" ती खोकली. "दार लाव आधी, पोरीला वारं लागंल."

"खोकला वाढलाय तुमचा."

"अम्मा सारखी खोकतीय," माजिदा म्हणाली. "मी म्हणते, एक दिवस जाऊ नको. ऐकत नाय."

"घशात कापूस गेलाय," गुलजारबी म्हणाली. "आणि मला काय होतंय? मानमोडीला पुरून उरले मी." असं म्हणून तिने माजिदाचं डोकं मांडीवर घेतलं.

मी दार लावून घेतलं. ती आतली ऊब अजून आठवते, कापसाचा आणि तेलाचा वास, आणि आम्ही तिघी त्या बंद खोलीत एकमेकींचा श्वास घेत बसलेल्या.

दोन-तीन दिवसांनी गुलजारबीचं अंग दुखायचं थांबलं. तिचा ताप असा होता की तो ताप आहे हेसुद्धा तिला कळलं नाही. आणि माजिदा पडली.

आमच्या गल्लीचा मोठेपणा त्या आठवड्यात बघायला मिळाला. जिने प्रत्येक घरात रात्री जागवल्या तिच्या दारात एक माणूस फिरकलं नाही. उलट बोलणं सुरू झालं, की ताप पिंजाऱ्यांच्या कापसातून आला. हेच लोक घरोघरच्या गाद्या उसवतात, एकाची घाण दुसऱ्याच्या घरी नेतात. ज्यांच्या गाद्या गुलजारबीने माजिदासाठी न उघडता परत पाठवल्या होत्या, तेही हेच म्हणत होते. रंगनाथशेठ बरे होऊन दुकानात बसायला लागले होते. त्यांनी घरातल्या जुन्या गाद्या जाळल्या आणि ते चारचौघांना सांगितलं. माझी आई मात्र टोपली ठेवून भिंतीपलीकडे जाऊन बसली. मी तिला नको म्हणाले तर म्हणाली, "ती आपल्या घरात बसली नव्हती व्हय?"

तिसऱ्या दिवशी माजिदाला श्वास घेताना बरगड्या दिसायला लागल्या. मी डॉक्टरांना आणायला गेले. शेठजींच्या घरी येत असत तेच ते, वयस्कर, थकलेले. इतक्या घरी फिरून ते कावले होते, पण आले. आल्याबरोबर त्यांनी दार सताड उघडायला लावलं आणि काठीने खिडकीची फळी पाडली. मग त्यांनी माजिदाची छाती तपासली.

"गरोदर बाईला हा ताप फार वाईट," ते म्हणाले. "छाती भरलीय हिची. घरात आधी कोण आजारी होतं?"

"कोणी नाय," गुलजारबी म्हणाली. "गादीसुद्धा कोरी हाय, डॉक्टरसाहेब. कापूस मी स्वतः—"

"गादीचं काय घेऊन बसलात? हा माणसाकडून माणसाकडे जातो. खोकल्यातून, श्वासातून, जवळ बसण्यातून." त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला खोकला कधीपासून आहे?"

"हा कापसाचा. जन्माचा हाय."

"अंग दुखलं होतं का?"

गुलजारबी म्हणाली, "जरासं. पण मला मानमोडी होऊन गेलीय. मला लागत नाय."

"त्याला अठरा वर्षं झाली. तुम्हाला आला, पण हलका आला. तुम्हाला हलका आला म्हणून हिला हलका येत नाही." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "तुम्ही रंगनाथशेठांकडे बसत होता ना? अहो, तिथे मी बजावून सांगितलं होतं. आजाऱ्याजवळ बसणाऱ्याने गरोदर बाईच्या वाऱ्यालाही जायचं नाही. म्हणून तर त्यांची सून माडीवर ठेवायला लावली. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

गुलजारबीने माजिदाचा हात धरला होता. तो तिने हळूच गादीवर ठेवला आणि ती मागे सरकत दाराबाहेर गेली. पोरीच्या शेवटच्या दिवसांत ती त्या खोलीत पुन्हा आली नाही. दाराबाहेर अंगणात बसून राहिली. माजिदा आतून "अम्मा" म्हणून हाक मारायची आणि ही बाहेरून "इथंच हाय गं, इथंच हाय" म्हणायची, जणू आता लांब बसून काही भरून निघणार होतं. मी तिला म्हणाले, "मावशी, आता आत या, आता काय फरक पडतोय?" ती आली नाही. पोरीला शेवटी पाणी माझ्या आईच्या हातचं मिळालं.

मूल दिवस भरायच्या आधीच झालं, आठव्यात. मूठभर मुलगी, रडायलाही ताकद नव्हती. गुलजारबीने बाहेरूनच सांगितलं, "कापसात ठेवा तिला, गादी फाडा." आईने कोयता घेऊन ती नवी गादी उसवली. ते बारीक टाके तोडायला किती वेळ लागला. त्या कोऱ्या कापसात गुंडाळून मुलगी जगली. माजिदा दुपारी गेली. खाजाभाई आणि सिन्नरहून धावत आलेला सलाउद्दीन तिला कब्रस्तानात घेऊन गेले, आणि गुलजारबी अंगणातल्या त्याच जागी बसून राहिली.

काही दिवसांनी ती उठली आणि बयाबाईंकडे निघाली. मी तिच्यामागे गेले, कारण मला वाटलं ती काहीतरी करून बसेल. बयाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. माडीवर त्यांची सून कोणाशी तरी हसून बोलत होती, ते खाली ऐकू येत होतं.

गुलजारबी ओसरीच्या खाली उभी राहिली. "बाईसाहेब, डॉक्टर तुम्हाला बोलले होते?"

बयाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या खोटं बोलल्या नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणते.

"बोलले होते."

"मंग मला का नाय सांगितलं? माझी पोर घरात हाय, तुम्हाला ठावं होतं."

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?" बयाबाई म्हणाल्या. "माझी चार माणसं पडली होती गं. मलाही सून होती. कोण येणार होतं दुसरं?"

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. गल्लीत ते बरेच दिवस चघळलं गेलं. मला गप्प केलं ते गुलजारबीने.

"नसते आले," ती म्हणाली, आणि परत फिरली.

बयाबाईंच्या सुनेला पुढे मुलगा झाला. बारशाला पेढे वाटले. आमच्या घरी आलेले मी गटारात टाकले. पुढच्या थंडीत गल्लीला गाद्या लागल्याच, आणि लोक मुकाट्याने खाजाभाईच्या दारात आले. शेठजींकडचा गडीही एकदा आला होता, गादीसाठी नव्हे. घरात ताप होता. "बाईंनी बोलावलंय. म्हणल्या, तुला काय होत नाय."

"मला नाय होत," गुलजारबी म्हणाली. "माझ्यामुळं होतं. सांग त्यांना." आणि आत जाऊन कमान उचलली.

मुलीला सलाउद्दीनच्या आईने सिन्नरला नेलं. नाव ठेवलं खातून. सलाउद्दीन पाणावलेल्या डोळ्यांनी म्हणाला होता, की अम्मा, हिला तुम्हीच वाढवा. गुलजारबी नाही म्हणाली. एवढंच नव्हे, त्या पोरीला तिने एकदाही मांडीवर घेतलं नाही. बापलेक भेटायला आले की ती पदराने नाकतोंड बांधून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायची. लोक म्हणायला लागले, की पोर आईला खाऊन आली म्हणून आजी तिचं तोंड बघत नाही. गल्लीला काहीतरी म्हणायचंच असतं.

परवाच्या थंडीत ते आले होते. खातून आता तीन वर्षांची आहे, माजिदासारखीच गालफुगी. मी ओसरीवर वह्या तपासत होते. पोर टांग्यातून उतरली आणि "नानी" करत सरळ धावली. गुलजारबी दारात उभी होती. सकाळपासून भिंतीतून तिचा खोकला मला ऐकू येत होता, रोजचाच, बारीक, टोचल्यासारखा. पोर दोन हातांवर आली तशी ती झटकन मागे सरली, दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.

"नानी, दार उघड."

"आज नको, बेटा," ती आतून म्हणाली. "घशात कापूस गेलाय."

पोरीने बराच वेळ दारावर थापा मारल्या. मग ती आमच्या ओसरीवर आली आणि मला म्हणाली, "नानीला मी आवडत नाही." मी तिला जवळ घेतलं, पण तिला काय सांगणार? भिंतीपलीकडे खोकला सुरू होता आणि गुलजारबी तोंडात पदर कोंबून तो दाबत होती.